पैसा कोणाच्या हाती असावा?

वाचकहो, जवळ शंभराची नोट असेल तर ती जरा हातात घ्या. पुढच्या बाजूला बारीक अक्षरांत हिंदीत आणि इंग्रजीत एक वाक्य छापलेले आहे. ज्याच्या हातात ही नोट आहे त्याला शंभर रुपये अदा करण्याचे वचन मी देतो, असा त्याचा अर्थ. खाली रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांची सही. नोट उलटी करा. पंधरा भाषांची एक पट्टी दिसेल. तिच्यात वरून आठव्या ओळीवर आपली मराठी आहे.

आता समजा, ही नोट घेऊन तुम्ही कसाऱ्याहून येणारी लोकल पकडलीत, मुंबईत रिझर्व्ह बँकेच्या दारात गेलात आणि म्हणालात, "वचनाप्रमाणे माझे शंभर रुपये द्या." काय मिळेल? शंभराची दुसरी नोट मिळेल, पन्नासाच्या दोन मिळतील, फार तर नाणी मिळतील. एके काळी या वचनामागे चांदी होती. आज वचनामागे दुसरे वचनच उभे आहे. यात फसवणूक आहे असे मी म्हणत नाही. दुकानदार उद्याही ही नोट घेईल या भरवशावर नोट चालते, आणि तेवढा भरवसा असला की चांदीवाचून अडत नाही. पण हा भरवसा सांभाळण्याचे काम कोणाकडे असावे? सरकारकडे? सरकारच्या बँकेकडे? की या दोघांनाही त्यापासून चार हात दूर ठेवावे?

हा प्रश्न विचारणारा विचारवंतांचा एक पंथ जगात आहे. इंग्रजीत त्यांना लिबर्टेरियन म्हणतात, आपण त्यांना स्वातंत्र्यवादी म्हणू. माणसाच्या देवघेवीत सरकारने कमीत कमी हात घालावा, हे त्यांचे मूळ सूत्र. आणि पैसा म्हणजे तर सगळ्या देवघेवीचे माप. ज्याच्या हाती माप, त्याला ते थोडे लहान करण्याचा मोह होणारच, मग तो राजा असो की लोकांनी निवडलेले सरकार असो, असे त्यांचे म्हणणे. हे ऐकून तुम्ही म्हणाल, मास्तर, ही पुस्तकी चर्चा शहरातल्या लोकांना सांगा, आम्हाला भाताच्या भावाचे बोला. भाताच्या भावाचेही बोलणार आहे. पण त्याआधी आपल्या तालुक्यातल्या एका महिन्याची आठवण करून देतो.

८ नोव्हेंबर २०१६, मंगळवार. रात्री आठच्या सुमारास जाहीर झाले, की पाचशे आणि हजाराच्या नोटा मध्यरात्रीपासून चलनातून बाद. देशात जेवढ्या किमतीच्या नोटा फिरत होत्या त्यांतल्या सुमारे ८६ टक्के या दोन नोटांत होत्या. दिवाळी नुकतीच झाली होती. आमच्याकडे हा काळ कोणता, हे शहापूर-मुरबाडच्या माणसाला सांगायला नको. भात झोडून झालेले किंवा झोडणी चाललेली. कातकरी, ठाकूर, वारली कुटुंबे बिऱ्हाड बांधून भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर निघालेली. भट्टीचा बयाणा रोख, आठवड्याची खर्ची रोख, भाताचे पैसे रोख. सगळा व्यवहार हातातल्या कागदावर.

आमच्या शेजारी एक म्हातारी आजी होती. शेळ्या विकून आलेले पैसे तिने कणगीत, भाताच्या आत, फडक्यात बांधून ठेवले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गाठोडे घेऊन माझ्याकडे आली. "मास्तर, सरकारचा शिक्का हाय ना ह्याच्यावर? मग राती झोपले तवा पैसा व्हता, सकाळी कागूद कसा झाला?" मी अर्थशास्त्राचा एम.ए. आहे. वीस वर्षे हा विषय शिकवतो आहे. त्या सकाळी मला तिला धड उत्तर देता आले नाही. बँकेत भरा, बुडत नाहीत, एवढेच मी म्हणालो.

पण भरायचे कुठे? आमच्याकडे पुष्कळांची खाती सहकारी बँकेत. १४ नोव्हेंबरला रिझर्व्ह बँकेने हुकूम काढला, की जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांनी जुन्या नोटा स्वीकारू नयेत, बदलूनही देऊ नयेत. म्हणजे ज्या बँकेत शेतकऱ्याचे खाते, तिचेच दार त्याला बंद झाले. मग मोठ्या बँकांपुढे रांगा. एक दिवस रांगेत म्हणजे एका दिवसाची मजुरी गेली. आणि अशा वेळी मदतीला धावून येणारे लोक असतातच! पाचशेच्या नोटेचे चारशे देतो, म्हणणारे जागोजागी उभे राहिले. आजीने निम्म्या नोटा अशाच दिल्या. उरलेल्या तिच्या नातवाने दोन दिवस रांगेत उभे राहून भरल्या.

हा जो शंभर रुपयांचा तोटा, त्याला आपल्या भाषेत जुना शब्द आहे: बट्टा. 'नावाला बट्टा लागला' असे आपण म्हणतो, पण हा शब्द मूळचा सराफाच्या पेढीवरचा. पेशवाईत एकच रुपया चालत नव्हता. अंकुशी रुपया होता, घाट चढून वर गेले की नाशिककडचा चांदवडी रुपया होता, आणखी कितीतरी होते. टाकसाळी जागोजागी होत्या आणि पुष्कळदा सावकार-सोनारांना मक्त्याने दिलेल्या असत. चांदी कशात किती, हे टाकसाळीगणिक वेगळे. मग एका मुलखाचा रुपया दुसऱ्या मुलखात नेला, की सराफ तो वाजवून पाही, घासून पाही आणि बट्टा कापून बदलून देई. 'माणूस वाजवून घ्यावा' हा वाक्प्रचारही तिथूनच आलेला.

हे सांगण्याचे कारण असे, की नाणे पाडणे आणि नोट काढणे हे एकट्या सरकारचेच काम, ही समजूत फार जुनी नाही. कंपनी सरकारने १८३५ साली आपल्या मुलखात एकच रुपया केला. नोटांचे म्हणाल, तर मुंबईत १८४० साली निघालेली बँक ऑफ बॉम्बे स्वतःच्या नोटा काढीत असे. १८६१ च्या कायद्याने तो हक्क सरकारने आपल्याकडे घेतला. मराठवाड्यात तर निजामाचा हाली सिक्का आणि इंग्रजांचा कलदार असे दोन रुपये एकाच बाजारात नांदत. १९४८ नंतर टप्प्याटप्प्याने हाली गेला. सोयरिकीत 'हाली की कलदार' हे विचारून मगच हुंड्याचा आकडा ठरे, असे तिकडचे जुने लोक सांगत.

स्वातंत्र्यवाद्यांचा एक मोठा आचार्य म्हणजे फ्रेडरिक हायेक. १९७४ साली त्याला अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याने १९७६ साली लिहिले, की पैशावरची सरकारची मक्तेदारीच काढून टाका. बँकांना आपापला पैसा काढू द्या. ज्याचा पैसा घसरेल तो लोक घेणार नाहीत, ज्याचा टिकेल तो चालेल. साबण-तेलात जशी चढाओढ, तशी नाण्यात. वरवर पाहता हा विचार चमत्कारिक वाटतो, पण आपल्याकडे चांदवडी आणि अंकुशी शेजारी शेजारी नांदलेच होते ना?

तथापि मला इथे शंका येते, आणि ती पुस्तकातून आलेली नाही. चढाओढीत फायदा होतो तो ज्याला निवड करता येते त्याचा. पेशवाईतल्या कुणब्याला रुपया वाजवून पाहण्याची विद्या येत नव्हती, ती सराफाला येत होती. बट्टा कुणब्याने भरला. आपल्या जिल्ह्यात आदिवासीने पावसाळ्यात खावटीला सावकाराकडून भात घ्यावे आणि सुगीला सवाईने किंवा दिढीने, म्हणजे मणाला सव्वा मण किंवा दीड मण, परत करावे, ही रीत पिढ्यान्‌पिढ्या चालली. त्यात सरकारचा कागद नव्हता, मध्यवर्ती बँक नव्हती. दोन माणसांचा 'खुषीचा' करार होता. ज्याने कधी मालकाची चिठ्ठी घेऊन त्याच्याच ओळखीच्या दुकानातून किराणा उचलला आहे, त्याने हायेकचा खाजगी पैसा पाहिलेला आहे, म्हणायला हरकत नाही. एकाच दुकानाच्या गावात चढाओढ कोणाची कोणाशी?

पण औषध पटले नाही म्हणून वैद्याचे निदान खोटे ठरत नाही. निदान काय? पैसा ज्याच्या हाती आहे त्याच्या मनमानीला बांध हवा. आणि हे निदान आपल्याला कोणा परदेशी माणसाकडून उसने घ्यायला नको. ते एका मराठी माणसाने शंभर वर्षांपूर्वी मांडून ठेवले आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना आपण घटनाकार म्हणून ओळखतो. पण त्यांचे पहिले शास्त्र अर्थशास्त्र. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात ते दोन वर्षे तोच विषय शिकवीत होते. पैसे साठवून १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले आणि तिथे डी.एस्सी. पदवीसाठी त्यांनी जो प्रबंध लिहिला, त्याचा विषय होता रुपया. 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' या नावाने तो १९२३ साली लंडनमध्ये छापून आला.

त्यांच्यापुढचा प्रश्न असा. १८९३ पर्यंत कोणीही चांदी घेऊन टाकसाळीत जावे, ठरलेली मजुरी द्यावी आणि रुपये पाडून घ्यावेत, अशी मोकळीक होती. त्यामुळे देशात रुपये किती असावेत हे कोणी साहेब ठरवीत नव्हता, चांदी ठरवीत होती. पुढे जगात चांदीचा भाव कोसळला. रुपयाची हुंडणावळ, म्हणजे एका रुपयाला किती शिलिंग-पेन्स मिळतात तो दर, उतरत गेली. इंग्लंडला पाठवायची रक्कम सरकारला जड जाऊ लागली. मग १८९३ साली सरकारने टाकसाळीचे दार रयतेला बंद केले, स्वतःला मात्र उघडे ठेवले. रुपयातली चांदी कमी किमतीची आणि वरचा छाप जास्त किमतीचा, असे झाले. दिसायला तो चांदीचा, पण खरे तर चांदीवर छापलेली नोटच.

आता किती रुपये पाडायचे हे सरकारच्या मर्जीवर आले. जॉन मेनार्ड केन्ससारख्या नामवंत पंडिताने १९१३ साली या व्यवस्थेची भलामण केली होती. बाबासाहेबांनी तिच्यावर हल्ला केला. त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ सांगतो. खाजगी बँकेने गैरहिशेबी नोटा काढल्या, तर बुडते ती तिची स्वतःची मालमत्ता, म्हणून ती जपून वागते. सरकारी चलन काढणाऱ्या अंमलदाराचे मात्र चूक झाली तरी खिशातले काही जात नाही. तेव्हा ज्या चलनाचा सगळा भार सरकारच्या शहाणपणावर आहे, ते टाळलेले बरे. त्यांनी उपायही सांगितला: रुपये पाडणे रयतेला तसेच सरकारलाही बंद करा, रुपयांची संख्या कायमची बांधून टाका, आणि पुढच्या गरजेसाठी सोन्याचे नाणे मोकळेपणी पाडू द्या. त्यांचे गुरू एडविन कॅनन यांना काही मुद्दे पटले नाहीत, तरी पुस्तकाला प्रस्तावना त्यांनीच लिहिली.

या सगळ्यात बाबासाहेबांची नजर कोणावर होती ते पाहा. रुपया स्वस्त झाला की निर्यात वाढते, व्यापार भरभराटतो, म्हणून रुपया उतरू द्या, असे व्यापारी म्हणत. बाबासाहेबांचे उत्तर असे, की हा नफा आकाशातून पडत नाही. भाव आधी चढतात, मजुरी मागाहून चढते. मधल्या काळात मजुराच्या ताटातले निघून मालकाच्या गल्ल्यात जाते. देश श्रीमंत होत नाही, एका वर्गाचे दुसऱ्याकडे जाते, इतकेच.

म्हणून आजचे स्वातंत्र्यवादी बाबासाहेबांचे नाव आवडीने घेतात. घ्यावे. पण अर्धे घेऊ नये. याच बाबासाहेबांनी १९४७ साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये शेतजमीन आणि मोठे उद्योग सरकारच्या मालकीचे असावेत असे सुचवले होते. पैशाच्या बाबतीत सरकारला दोरीने बांधा आणि जमिनीच्या बाबतीत सरकारलाच पुढे करा, ही दोन टोके एकाच माणसात होती. मला त्यात विसंगती दिसत नाही. दुबळ्याचे रक्षण कशाने होईल, हा एकच प्रश्न ते दोन ठिकाणी विचारीत होते.

रिझर्व्ह बँक पुढे १ एप्रिल १९३५ रोजी सुरू झाली. तिचे पहिले भारतीय गव्हर्नर महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले चिंतामणराव देशमुख. १९४३ ते १९४९ ते त्या जागी होते, आणि त्यांच्याच कारकिर्दीत, १ जानेवारी १९४९ रोजी, बँक सरकारच्या मालकीची झाली. चिंतामणराव पुढे अर्थमंत्री असताना, १९५५ साली, दुसऱ्या पंचवार्षिक योजनेची आखणी चालली होती. योजनेला पैसा कमी पडत होता. तूट भरण्यासाठी सुमारे बाराशे कोटी रुपयांचा 'तुटीचा अर्थभरणा' करायचे ठरले. शब्द जड आहे, अर्थ सोपा. सरकारने रिझर्व्ह बँकेला चिठ्ठी द्यायची आणि बँकेने नवा पैसा निर्माण करून द्यायचा. अर्थशास्त्रज्ञांच्या मंडळाने योजनेला होकार दिला. एका सभासदाने, प्रा. बी. आर. शेणॉय यांनी, एकट्याने भिन्नमतपत्रिका जोडली. बचत नसताना नोटा काढल्या तर माल वाढणार नाही, भाव वाढतील, असे त्यांनी बजावले. त्याच वर्षी अमेरिकेचे मिल्टन फ्रीडमन दिल्लीत सल्ल्यासाठी आले होते. पैसा दरवर्षी ठरावीक, थोड्याच गतीने वाढावा, सरकारच्या लहरीने नव्हे, हे त्यांचे पुढे गाजलेले मत. शेणॉयांचे कोणी ऐकले नाही. १९५७ पासून परदेशी चलनाची चणचण सुरू झाली आणि योजना छाटावी लागली.

शिक्षक मंडळींना वर्गात हे समजावताना मी एक हिशेब देतो. महागाई वर्षाला ४ टक्के असेल तर भाव सुमारे १८ वर्षांत दुप्पट होतात, ६ टक्के असेल तर १२ वर्षांत. म्हणजे पोरगी जन्मली तेव्हा तिच्या लग्नासाठी डब्यात टाकलेले दहा हजार, ती अठरा वर्षांची होईपर्यंत पाच हजारांच्या मोलाचे उरतात. डबा कोणी फोडला नाही, नोट एकही गेली नाही. ज्याच्याकडे जमीन आहे, सोने आहे, त्याला याची फारशी झळ नाही. ज्याची सगळी शिल्लक रोकडीत, त्याचाच डबा गळतो. स्वातंत्र्यवादी याला विधिमंडळाने न बसवलेला कर म्हणतात. शब्द जरा तिखट आहे, पण अगदीच वावगा नाही.

आता भाताकडे येतो. भाव चढले की सरकारवर ओरड होते. मग सरकार काय करते? २० जुलै २०२३ रोजी बासमती सोडून इतर पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद झाली, ती सप्टेंबर २०२४ च्या अखेरीस मोकळी झाली. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात बंद झाली, ती मे २०२४ पर्यंत राहिली. शरद जोशी यांनी १९७९ मध्ये शेतकरी संघटना उभी केली ती कांद्याच्याच प्रश्नावर, चाकणला. आयुष्यभर त्यांचे सांगणे हेच, की शेतकऱ्याला सरकारची मदत नको आहे, सरकारने त्याच्या मानेवरचा हात काढावा. 'भीक नको, हवे घामाचे दाम' ही त्यांची घोषणा जुन्या लोकांच्या कानात असेल. या विचाराने पाहिले तर चक्र असे दिसते: पैसा वाढवून महागाईला हातभार लावणारे सरकारच, आणि ती आवरण्यासाठी पहिला दाब घालायचा तो शेतमालावर. शहरातल्या घराचे भाडे किंवा डॉक्टरची फी दाबणे अवघड, कांदा दाबणे सोपे. मात्र शहापूरच्या डोंगराळ पाड्यातला माणूस वर्षातून चार महिने भात पिकवतो आणि उरलेले आठ महिने विकत घेऊन खातो. त्याला चढा भाव हवा की उतरता? शरद जोशींच्या मांडणीत या माणसाचे उत्तर मला पुरते सापडले नाही. घामाला दाम मिळाले की मजुरीही चढेल, असे ते म्हणत. चढते, पण मागाहून.

नोटाबंदीकडे परत जाऊ. बाद झालेल्या नोटा होत्या सुमारे १५ लाख ४१ हजार कोटी रुपयांच्या. रिझर्व्ह बँकेने २०१८ साली सांगितले, की त्यांतल्या १५ लाख ३१ हजार कोटींच्या परत आल्या, म्हणजे ९९ टक्क्यांहून जास्त. काळा पैसा कणग्यांत आणि तळघरांत अडकून बुडेल, ही अपेक्षा फोल ठरली. आणि वचनाचे काय झाले? २०१७ साली संसदेने कायदा करून, ३१ डिसेंबर २०१६ पासून त्या नोटांबद्दलची रिझर्व्ह बँकेची आणि सरकारची जबाबदारी संपली, असे जाहीर केले. धारकास अदा करण्याचे वचन त्या दिवशी विझले. अशी नोटाबंदी आपल्याकडे आधी दोनदा, १९४६ आणि १९७८ साली, झाली होती. पण त्या नोटा श्रीमंतांच्या होत्या, गरिबाने हजाराची नोट तेव्हा पाहिलीही नव्हती. आणि ती दोन्ही वेळा वटहुकूम काढून झाली. २०१६ ला राजपत्रातल्या अधिसूचनेवर भागले. सर्वोच्च न्यायालयाने २ जानेवारी २०२३ रोजी चार विरुद्ध एक मतांनी ती वैध ठरवली. वेगळे मत देणाऱ्या न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना यांनी लिहिले, की इतकी मोठी गोष्ट संसदेच्या कायद्यानेच व्हायला हवी होती.

त्याच हिवाळ्यात आपल्या शेजारी एक प्रयोग झाला. मुरबाड तालुक्यातले धसई गाव १ डिसेंबर २०१६ रोजी राज्यातले पहिले रोकडविरहित गाव म्हणून जाहीर झाले. राज्याचे अर्थमंत्री उद्घाटनाला आले. किराणावाल्यापासून वडापाववाल्यापर्यंत दुकानदारांना कार्ड घासायची यंत्रे मिळाली. पुढे वर्तमानपत्रांचे बातमीदार पुन्हा तिकडे गेले, तेव्हा पुष्कळ व्यवहार रोखीवर परत आलेले त्यांना दिसले. पाड्यावरच्या गिऱ्हाइकाकडे कार्डच नाही, तर यंत्र घेऊन काय करायचे?

गंमत पुढेच आहे. आज त्याच धसईला जा, नाहीतर आमच्या खर्डीच्या स्टेशनाबाहेर या. भाजीवालीच्या टोपलीला चौकटीचौकटीचे चित्र टांगलेले आहे, पोरे मोबाईल लावून पैसे देतात. कोणी मंत्री आला नाही, उद्घाटन झाले नाही. सोयीचे वाटले, वर खर्च पडत नाही, म्हणून लोकांनी उचलले. स्वातंत्र्यवादी यावर खूष होऊन म्हणतील, बघा, हुकमाने जे झाले नाही ते खुषीने झाले. त्यांना मी एवढेच सांगेन, की ती यंत्रणा रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखालीच उभी राहिली आहे, आणि दुकानदाराला शुल्क पडू नये हा नियम जानेवारी २०२० पासून सरकारनेच केला आहे. आणि रोकड? ती हटली नाही. नोटाबंदीच्या आधी सुमारे १८ लाख कोटींच्या नोटा फिरत होत्या, मार्च २०२४ अखेर त्या जवळजवळ ३५ लाख कोटींच्या झाल्या. लोक दोन्ही ठेवतात. एकच दार असले की ते बंद झाल्यावर काय होते, हे त्यांनी पाहिले आहे.

मग बांध कुठे घालायचा? काही बांध घातले गेले आहेत, ते सांगायला हवेत. सरकारने चिठ्ठी द्यायची आणि रिझर्व्ह बँकेने पैसा काढायचा, ही पन्नासच्या दशकापासूनची सोय १९९७ मध्ये बंद झाली. २०१६ पासून कायद्यातच लिहिले आहे, की सहा जणांच्या समितीने महागाई ४ टक्क्यांच्या आसपास ठेवावी, २ च्या खाली आणि ६ च्या वर जाऊ देऊ नये. लागोपाठ तीन तिमाह्या हद्द ओलांडली तर बँकेने सरकारला कारणे लिहून कळवावीत. २०२२ साली तसे घडले. बँकेने पत्र लिहिले, पण ते लोकांपुढे ठेवले गेले नाही. सावकाराने हिशेबाची वही लिहावी आणि कुळाला दाखवू नये, तशातली ही गोष्ट. माझ्या मते हायेकने सांगितल्याप्रमाणे बँकाबँकांचा पैसा बाजारात आला तर आमच्या आजीचे नुकसानच होईल. पण ते पत्र उघडे झाले असते, आणि २०१६ चा निर्णय आधी संसदेत बोलला गेला असता, तर तिच्या निम्म्या नोटांना बट्टा लागण्याचे कारण नव्हते.

शिक्षकांनी एक करून पाहावे. आठवी-नववीच्या मुलांना घरी आजोबांना दोनच गोष्टी विचारायला सांगा: तुमच्या तरुणपणी दिवसाची मजुरी किती होती, आणि तांदळाचा भाव काय होता. पायलीचा भाव सांगितला तर किलोत करून घ्या. मजुरीला भावाने भागा, म्हणजे एका दिवसाच्या कामाला किती तांदूळ मिळत होता ते येईल. मग आजची मजुरी, आजचा भाव, तोच भागाकार. रुपयांचे आकडे बाजूला ठेवून नुसते किलो फळ्यावर लिहा, साल डावीकडे, किलो उजवीकडे. मी गेली सहा वर्षे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांकडून हे करून घेतो. मुले आधी हसतात, कारण आजोबांची मजुरी ऐकून त्यांना गंमत वाटते. उजवीकडची ओळ भरत आली की वर्ग शांत होतो, आणि मग कोणीतरी विचारते, "सर, रुपये एवढे वाढले, तर तांदूळ एवढाच कसा वाढला?" तिथून तास सुरू होतो.